मामाच्या विहिरीत समुद्राची तालीम

"धावा वं माय, धावा! वकीलबाईचं पोट्टं इहिरीत पालथं पडलं! मामा अन् भाचा, दोघंई गेले वं!"

ओरडत होत्या शेजारच्या वावरातल्या काकू. काकूंचा आवाज असा, की त्यांनी आपल्या बांधावरून "चहा झाला" म्हटलं तर पूर्णेच्या पलीकडच्या गावात लोक कप विसळायला घेतात. त्या दिवशी तर त्यांनी छाती भरून हाक मारली होती. चिंचेवरचे बगळे उडाले ते बहुतेक मध्य प्रदेशातच उतरले असतील.

काकूंचं तसं चुकलं नव्हतं. विहिरीच्या काठावरून खाली पाहिलं तर काय दिसत होतं? माझा आठवीतला मुलगा आणि माझा धाकटा भाऊ, दोघे पाण्यावर पालथे, हातपाय पसरलेले, हालचाल शून्य. कानामागून वर आलेल्या श्वासाच्या वीतभर नळ्या वरून कोणाला दिसणार? आणि कान पाण्यात असल्यामुळे त्या दोघांना वरचं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांची आपसात शर्यत लागलेली, आधी डोकं वर काढेल तो हरला. मी पायरीवर उभी राहून ओरडत होते, "जित्ते आहेत! अवं काकू, जित्ते आहेत ते!" कोर्टात माझ्या आवाजाने झोपलेले पक्षकार खडबडून उठतात, पण काकूंपुढे माझं काय चालतंय.

पाहता पाहता गाव गोळा झालं. कोणी दोर आणला, कोणी बादल्या काढायचा गळ आणला, दोघांनी चार पायांना दोर बांधून खाट आणली. विहिरीतून माणूस काढायचा तर आमच्याकडे खाटच सोडतात. एकजण ट्रॅक्टर घेऊन आला, कशासाठी ते त्यालाही सांगता येईना. एका धाडसी गड्याने अंगातल्या सदऱ्यासकट उडी मारली आणि माझ्या भावाचा पाय धरून ओढला. भाऊ उलटून वर आला. चेहऱ्यावर काच, तोंडात नळी, आणि नळीतून फुर्रकन उडालेलं पाणी. त्या गड्याने अशी काही आरोळी ठोकली की काकूसुद्धा क्षणभर गप्प झाल्या. पाय सोडून तो उलटा पायऱ्यांवर चढला तो थेट रस्त्यापर्यंत थांबला नाही.

तरी लोकांनी भावाला बाहेर काढलाच. पालथा घातला आणि पाठीवर दोघे बसले, पोटातलं पाणी काढायला.

"अबे, जित्ता आहो मी! सोडा बे!"

"पानी डोक्यात गेलं याच्या. बडबडून राह्यला. दाबा अजून!"

पाणी काही निघालं नाही, पण सकाळचे पोहे धोक्यात आले. मुलगा तोवर स्वतःच पोहत पायरीवर आला होता, आणि दोन म्हाताऱ्या त्याला पोटाशी धरून, तो जिवंत दिसत असताना, त्याच्याच नावाने रडत होत्या.

हे सगळं तिसऱ्या पायरीवर बसलेली माझी मुलगी पाहत होती. नऊ वर्षांची. कपाळावर निळा मास्क चढवलेला, अजून कोरडा. तिने भावाला पालथा पडलेला पाहिला, बायकांना ऊर बडवताना पाहिलं. मग तिने मास्क काढला, पायरीवर नीट उपडा ठेवला आणि म्हणाली, "आई, मी पाण्यात तोंड घालणार नाही. इथं पण नाही अन् तिथं पण नाही."

झालं. त्या विहिरीत त्या दिवशी बुडालं ते एवढंच, आणि ते काढायला गावातली कोणतीही खाट उपयोगाची नव्हती.

हे 'तिथं' म्हणजे कुठे ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हीही दोर घेऊन धावाल.

मी अमरावतीच्या कोर्टात वकिली करते. नवरा शाळेत गणित शिकवतो. घराला आग लागली तर हा माणूस आधी दारातल्या चपला जोडीने लावेल, मग बाहेर पडेल. बोलणं मोजकं, हसणं सणावारी. जन्मात त्याने एकदाच थट्टा केली. मुलगी चार वर्षांची होती, धुळवडीचा दिवस होता आणि आमच्या कॉलनीत पोरं एकमेकांना रंगाच्या ड्रममध्ये बुचकळत होती. याच्याही अंगात काय संचारलं देव जाणे. निळं तोंड, हिरवे कान अशा अवतारात याने लेकीला उचललं आणि ड्रममध्ये बुडवून काढलं. क्षणभरच. सगळे हसले. हाही हसला. ती वर आली ती हसली नाही. नाकातोंडातून गुलाबी पाणी, डोळे पांढरे, आणि रडायलासुद्धा श्वास नाही.

त्या दिवसापासून तिने चेहऱ्याला पाणी लागू दिलं नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. केस धुवायचे तर पाटावर आडवं पडून, मान मागे टाकून, एखाद्या महाराणीसारखं. पावसात छत्री, छत्रीखाली टोपी, टोपीखाली रुमाल. आणि बाप? पुढच्या धुळवडीपासून तो दार लावून पेपर तपासत बसतो. ती न्हाणीघरात असली तर हा त्या बाजूने जात नाही. रस्त्यात पाण्याचा टँकर उभा दिसला तर तिचं बोट सोडून माझ्याकडे देतो. दोघांत भांडण नाही, अबोला नाही, गणिताचा अभ्यास रोज. नुसता तो ड्रम मधे उभा आहे, इतकंच.

मग एक दिवस बाररूममध्ये एका वकिलीणबाईंनी मला मोबाइलवर लक्षद्वीपचा व्हिडिओ दाखवला. पाणी असं की खाली पडलेली सुई ओवता येईल. त्यात एक लहान पोरगी तोंड पाण्यात घालून तरंगते आहे आणि भोवती मासे. माझी मुलगी वहीच्या प्रत्येक पानावर मासे काढते, भागाकाराच्या शेजारीसुद्धा. मला वाटलं, ही जाईल. मासे दिसले तर ही पाण्यात तोंड घालेल, आणि बापासमोर घालेल. पुढच्या तारखेला बसल्या बसल्या मी त्याच खुर्चीत मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचं चौघांचं बुकिंग करून टाकलं, नाताळच्या सुट्टीचं.

नवऱ्याला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर तो एकच वाक्य बोलला असता, "तिला पाण्याजवळ नको." आणि मी बुकिंग रद्द केलं असतं. तेव्हा सरप्राइज.

आता सरप्राइज ही गोष्ट माझ्या पिंडाची नाही. न्यायाधीश निकाल लिहायला घेतात तेव्हा मी अर्ध्या अमरावतीला तो सांगून मोकळी झालेली असते. पोटात हे गुपित म्हणजे मांजर कोंडल्यासारखं झालं. दिवसभर नुसतं ओरबाडायचं. बसवेना, उठवेना. मी घरातली सगळी कपाटं आवरली, आवरून झाल्यावर शेजारणीची आवरली. चालायला जायची ती परत यायचंच विसरायची, एकदा तर बडनेऱ्याच्या अलीकडे एका ओळखीच्या रिक्षावाल्याने ओळखून घरी आणून सोडलं. कोर्टात एका दाव्यात मी बराच वेळ समोरच्या पार्टीच्या बाजूने युक्तिवाद केला. इतका चांगला केला की समोरचे वकील उठून म्हणाले, "ताई, माझं काही राहिलं नाही, मी बसतो."

मुलांना सांगितलं होतं, कारण तालीम हवी होती. मास्क आणि नळ्या बाररूमच्या पत्त्यावर मागवल्या. ज्येष्ठ वकिलांनी खोकं उघडून ते चढवून पाहिले आणि त्या दुपारी साक्षीदारांनी खरं बोलायला सुरुवात केली असं म्हणतात. मुलगा तर मास्क लावूनच झोपायला लागला. सकाळी त्याच्या तोंडावर डोळ्यांपासून ओठापर्यंत लाल गोल.

"हे काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"ॲलर्जी," मी म्हटलं.

"इतकी गोल?"

"तुमचाच मुलगा आहे. भूमितीची असेल."

त्याने संध्याकाळी येताना कॅलामाइनची बाटली आणली आणि रोज रात्री कंपासने आखल्यासारखं ते गोलावर लावायला लागला.

अमरावतीत पोहायच्या तलावावर नेणं शक्य नव्हतं. या माणसाने शिकवलेले विद्यार्थी गावभर पसरलेत, एकाने पाहिलं की संपलं. शिवाय गोड्या पाण्यात शिकून समुद्रात काय उपयोग? तालीम खाऱ्या पाण्यातच हवी. आणि खारं पाणी म्हटलं की माझं माहेर. अकोल्याच्या पुढे पूर्णेच्या काठी सगळा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणीच खारट. आमच्या विहिरीच्या पाण्यात साबण हरतो, डाळ शिजत नाही, दूध बघूनच फाटतं. भाजीत मीठ घालायची पद्धत आमच्याकडे नाही, भाजी नुसती विहिरीजवळून फिरवून आणायची. तहानलेली म्हैस त्या पाण्यात वाकून पाहते आणि तशीच घरी परत जाते.

घरी नवा पाहुणा आला की त्याला त्या विहिरीचं ओंजळभर पाणी चाखायला लावतात, ही आमच्या घरची रीत. पाहुण्याने तोंड वाकडं करायचं, आम्ही हसायचं, मग त्याला चहा. लग्नानंतर नवरा पहिल्यांदा आला तेव्हा त्यालाही ओंजळ दिली. मी अभिमानाने म्हटलं, "समुद्रापेक्षा खारट आहे."

त्याने घोट घेतला, तोंडाची घडी न मोडता गिळला आणि म्हणाला, "समुद्रापेक्षा काहीच खारट नसतं."

त्यावरून आमचं जे जुंपलं ते आजतागायत. मी म्हणायचं, आमची विहीर. त्याने म्हणायचं, समुद्र. सणाला, बारशाला, प्रवासात, कुठेही. मुलीला मामाने ओंजळ दिली तेव्हा तिने, तोंड ओलं होऊ नये म्हणून, करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावलं होतं आणि मत राखून ठेवलं होतं.

तर भाऊबीजेला मुलांना घेऊन मी माहेरी गेले. नवरा अमरावतीत पेपर तपासत राहिला. पावसाळा नुकताच संपलेला, विहीर पायऱ्यांपर्यंत भरलेली, ऊन चढल्यावर पाणी कोमट. भावाला ओवाळलं आणि ओवाळणी म्हणून मागितली विहीर, सकाळभर. पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

खाटेचे दोर सुटायच्या आत नवऱ्याचा फोन आला. काकूंचा आवाज अमरावतीपर्यंत पोहोचला नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मधे कोणा पाहुण्याचा फोनही असेल.

"विहिरीत कोण पडलं म्हणतात?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "म्हैस."

"कोणाची?"

"काकूंची."

"निघाली?"

"निघाली. खाटेवर बसवून काढली."

"म्हैस? खाटेवर?"

"शहाणी आहे हो ती. बसली गपगार."

"बरं," तो म्हणाला. "मुलांना विहिरीजवळ जाऊ देऊ नको." मग, "तिला तर नकोच."

त्यानंतर दर रविवारी तो विचारायचा, म्हैस कशी आहे? मी कंटाळून तिला वगारू होऊ दिलं. तर त्याने वगाराचं वजन विचारलं.

पण हसू ओठांवर होतं तितकंच. परतीच्या एसटीत मुलगी खिडकीशी बसली होती. दर्यापूर गेल्यावर म्हणाली, "आई, मी बाबांना सांगणार नाही. पण तू मला तिथं गेल्यावर तोंड घाल म्हणायचं नाही. एकदाही नाही. नाहीतर आत्ताच फोन लावते."

कोर्टात इतकी वर्षं घासली, पण इतका पक्का करार माझ्याकडून कोणी करून घेतला नव्हता. मी हो म्हटलं. मग मला कळलं की आपण आता तिला समुद्रावर घेऊन जाणार, ती समुद्राला पाठ करून बसणार, आणि बाप ते पाहणार. घरी जे तो दार लावून टाळतो ते तिथं उघड्यावर बघणार. बुकिंग रद्द करावं म्हणून मी कितीदा मोबाइल हातात घेतला आणि ठेवला. झोपेत मी समोरच्या खाटेवरच्या म्हशीला विचारत होते, काय करू?

आता नवऱ्याला मुंबईला न्यायचं कसं? मी एक लग्न तयार केलं. माझ्या मावसबहिणीच्या नणंदेच्या मुलीचं. नवरदेव दुबईला, सुट्टी नाताळातच मिळते. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण माझा हात सैल. नवरदेवाला मिशी दिली, त्याच्या आत्याला गुडघ्याचं ऑपरेशन दिलं, सासरच्यांना जेवणात बासुंदी हवी म्हणून रुसायला लावलं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन आहेर आणला. पाच लिटरचा कुकर, चमकी कागदात बांधून, वर लाल फीत. आहेराशिवाय लग्नाला जाणं त्याच्या गणितात बसत नाही.

तो कुकर मांडीवर घेऊन तो माणूस रात्रभर मुंबईच्या गाडीत बसला. वरच्या बर्थवर ठेवला तर फीत चुरगाळेल म्हणून.

सकाळी टॅक्सी बंदराच्या फाटकाशी थांबली. मागे जहाज. जहाज कसलं, अकोल्याचं अख्खं बसस्टँड, त्यावर अमरावतीचं बसस्टँड, त्यावर दोन्हीकडचे सगळे प्रवासी. मुलगा ओरडायला लागला. नवरा कुकर घेऊन उतरला.

"हॉल कुठं आहे?"

"हॉल नाही."

"मग लग्न?"

"लग्न पण नाही."

"तो दुबईवाला?"

"नाही."

"त्याच्या आत्याचा गुडघा?"

"आत्याच नाही, तर गुडघा कुठून आणू?"

मग मी सगळं सांगितलं, एका दमात, बंदरावरच्या हमालांनी ओझी खाली ठेवून ऐकलं इतक्या मोठ्याने. जहाज, लक्षद्वीप, मासे, मास्क, विहीर, काकू. तो ऐकत होता. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"म्हणजे म्हैस..."

"म्हैस पण नव्हती."

"म्हशीचं मले खरं वाटलं होतं," तो म्हणाला. एरवी घरात पुस्तकी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून 'मले' निघालं म्हणजे घाव खोल होता.

मग त्याने लेकीकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "अन् ही?"

"ती पाण्यात जाणार नाही. तसं ठरलंय आमचं."

त्याने मान हलवली. सुटकेने की कशाने, मला कळलं नाही. कुकर तपासणीच्या यंत्रात गेला तेव्हा तिथल्या चार जणांनी एकमेकांकडे पाहिलं. तो ताब्यात ठेवून घेतला आणि नवऱ्याला बिल्ला दिला. सबंध प्रवासात बिल्ला त्याच्या वरच्या खिशात होता.

जहाजावर लोक नाचत होते, खात होते, ऊन खात पडले होते. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत होते. इतकी चालले की मधल्या मजल्यावरच्या वेटरला वाटलं मी तपासणीला आलेली कोणी अधिकारी आहे, आणि तो मला पाहिलं की टेबलं पुसायला लागायचा. मुलगी कठड्याशी उभी राहून पाणी पाहायची, वहीत मासे काढायची. तिच्या बाजूला एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून बाप उभा. मला बोलायचं होतं. मला जगातलं सगळं काही बोलायचं होतं, आणि मी तोंडाला कुलूप लावून फिरत होते. माझ्या आयुष्यात मी इतकी गप्प कधीच राहिलेली नाही, भूल दिलेली असतानासुद्धा.

बेटापासून दूर जहाज थांबलं आणि लहान होड्यांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. पाणी कमरेएवढं, हिरवं, शांत. लाइफ जॅकेट घातलेली माणसं तोंडं घालून तरंगत होती, एक शिकवणारा शिट्टी वाजवत त्यांच्यामागे. मुलगा घरच्यासारखा आत शिरला. मुलगी छत्रीखाली समुद्राकडे पाठ करून बसली. मास्क तिच्या पिशवीत होता. म्हणजे आणला होता. मी ते पाहिलं. वाळूत खड्डा खणायला घेतला. मोठा झाला, लोक म्हणाले विहीर का खणताय.

मुलाने बापाला ओढून पाण्यात नेलं. त्याने चष्मा माझ्याकडे दिला आणि मास्क लावला. चष्म्याशिवाय हा माणूस म्हणजे कारभार संपला. त्याने पाण्यात तोंड घातलं, वर काढलं, परत घातलं. मग मुलाला काही विचारायला वळला, तर मुलगा केव्हाच लांब. तो बाहेर आला आणि सरळ दुसऱ्याच एका छत्रीजवळ जाऊन, दुसऱ्याच एका कुटुंबाच्या आजीबाईंना म्हणाला, "खाली काहीतरी पिवळं हलतंय."

आजीबाईंनी हात जोडले. मग त्याला आम्ही सापडलो. तो लेकीसमोर उभा राहिला, अंगातून पाणी गळतंय.

"खाली पिवळं काहीतरी आहे. मला दिसत नाही."

"मासे असतील," ती वहीतून मान वर न करता म्हणाली.

"कोणते?"

"मला काय माहीत? चष्मा लावून बघा."

"मास्कमध्ये चष्मा मावत नाही. मी लावून पाहिला."

मी खड्ड्यात होते. मान वर काढली नाही.

तिने वही मिटली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. हा माणूस खोटं बोलत नाही, म्हणून तर त्याला माझी म्हैस खरी वाटली.

"तुम्ही हात मागे ठेवाल?" तिने विचारलं.

त्याने हात पाठीमागे बांधले. परीक्षेच्या हॉलमध्ये तो असाच फिरतो, दोन रांगांमधून, सावकाश. तसाच तो पाण्यात चालायला लागला, आणि दोन हात अंतर सोडून ती, मास्क हातात, लाइफ जॅकेट अंगात. पाणी त्याच्या कमरेला आलं तेव्हा एक लाट आली. लाट कसली, आमच्या वडाळी तलावात बदक उतरलं तर एवढी येते. पण हात मागे बांधलेला माणूस तो, उभाच्या उभा आडवा झाला. पूर्ण बुडाला. नाकातोंडात पाणी जाऊन खोकत, फुसफुसत वर आला, डोळे लाल, केस कपाळावर. हात अजून मागेच.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. मग मास्क लावला. नळी तोंडात धरली. आणि वाकली.

लगेच वर आली. काच पुसली. परत वाकली. आणि मग पाय वर आले, आणि ती तरंगायला लागली, पालथी, हात पसरलेली, निश्चल.

मी खड्ड्यातून बाहेर कशी आले मला आठवत नाही. किनाऱ्यावरून ती अगदी तशी दिसत होती. काकूंनी जे पाहिलं होतं तेच, पाण्यावर पालथं पडलेलं एक लेकरू. माझ्या छातीतून काकूंचाच आवाज वर येत होता, "धावा वं माय", आणि मी तो दोन्ही हातांनी तोंडात दाबून धरला होता. नळीचं टोक पाण्याबाहेर होतं. मी त्या टोकाकडे पाहत राहिले. बाप तिच्या बाजूला उभा होता, हात मागे.

ती वर आली. त्याला काहीतरी सांगितलं. परत तोंड घातलं, परत वर आली, परत सांगितलं. तो मान हलवत होता. तिने हातांनी मासा किती मोठा ते दाखवलं, मग जरा कमी करून दाखवलं. त्याने काहीतरी विचारलं आणि ती उत्तर द्यायला पुन्हा खाली गेली. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मग तोंडाचं कुलूप गेलं उडत. मी चपलांसकट, त्याचा चष्मा हातात घेऊन पाण्यात धावले. अख्खं बेट वळून पाहत होतं. "काय दिसलं? भीती वाटली? मोठा होता मासा? सांग ना! कसं होतं पाणी?"

तिने नळी तोंडातून काढली, ओले ओठ एकदा चाटले.

"मामाच्या विहिरीएवढं खारं नाही," ती म्हणाली.